किडनी काढण्याआधी नळी दोन्ही टोकांनी पाहा

महाराष्ट्र राज्याचे माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यात मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. हे पत्र दोघांना मिळून लिहितो आहे, कारण ज्या रुग्णांबद्दल मला बोलायचं आहे त्यांची किडनी तुमच्या दोन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर जाते. जिल्हा रुग्णालय एका खात्याचं, मेडिकल कॉलेज दुसऱ्याचं. रुग्ण कागदांची पिशवी घेऊन या दोन्हींमध्ये हेलपाटे घालतो आणि तोवर एक बाजू निकामी होते.

मागणी आधीच सांगतो. मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, पूर्ण बंद झाली असेल तर वर तुंबलेली किडनी त्याच दिवशी मोकळी करण्याची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावी. आणि अशी मोकळी केलेली किडनी, तिच्यात जीव उरला आहे का आणि नळी दुर्बिणीने उघडता येईल का हे नीट पाहिल्याशिवाय, कोणीही काढू नये. आज नेमकं उलट चालतं. जिथे घाई हवी तिथे आठवडे जातात, आणि जिथे थांबायला हवं तिथे संमतीपत्रावर अंगठा घेतला जातो.

ही नळी मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. बायकांमध्ये ती गर्भाशयाच्या मुखापासून दीड-दोन सेंटिमीटरवर, गर्भाशयाच्या धमनीच्या खालून जाते. गर्भपिशवी काढताना ती धमनी बांधावीच लागते. आतलं सगळं चिकटलेलं असलं, आधीच्या सिझरचा व्रण असला, अचानक रक्तस्राव सुरू झाला, तर चिमट्यात किंवा टाक्यात खालची नळी सापडू शकते. कधी ती कापलीही जात नाही आणि बांधलीही जात नाही. रक्त थांबवण्यासाठी दिलेल्या विजेच्या चटक्याने तिचा रक्तपुरवठा जातो आणि पुढच्या काही आठवड्यांत ती आक्रसत बंद होते. चांगल्या, अनुभवी हातांतूनही हे घडतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्या शाखेतही मुतखडा काढताना नळीला इजा होते, आणि महिनोन्‌महिने अडकून राहिलेला खडा तर स्वतःच नळीची आतली भिंत खराब करून जातो.

तरीही बीडचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी माहिती आली, तीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली होती. एवढ्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. मला त्याच बायकांबद्दल पुढचा प्रश्न विचारायचा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यातल्या कोणाची कंबर एकाच बाजूने दुखू लागली, ताप भरून येऊ लागला, तेव्हा किडनीची सोनोग्राफी कोणी केली का? टाके काढले आणि टोळी कारखान्यावर गेली, तर ती करणार तरी कोण?

एका बाजूची नळी बंद झाली तरी बाई सहसा मरत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं ते याचमुळे. दुसरी किडनी काम उचलते. लघवी पुरेशी होते. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा घटक, बहुधा नॉर्मल येतं आणि रिपोर्ट पाहून सगळे निश्चिंत होतात. दुखणं सुरुवातीला असतं, मग हळूहळू बोथट होतं. घरचे म्हणतात, बरं झालं. प्रत्यक्षात दाबाखाली किडनीचं काम मंदावत गेलेलं असतं.

किती वेळ हातात असतो? १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की पूर्ण बंद केलेली नळी एका आठवड्यात उघडली तर किडनीचं काम पूर्ववत झालं. दोन आठवड्यांनी उघडली तर सुमारे ७० टक्के परत आलं, चार आठवड्यांनी ३० टक्के, आणि सहा आठवड्यांनंतर काहीच नाही. माणसाचं गणित इतकं काटेकोर नसतं. पुष्कळ उशिराने मोकळी केलेली किडनीही काही वेळा सावरते. पण दिशा तीच आहे, आणि या मोजपट्टीवर आपल्याकडचा रुग्ण कुठे उभा असतो ते पाहा. गावातल्या डॉक्टरांकडे पेनकिलर, तालुक्याला लघवीची तपासणी, जिल्ह्याला सोनोग्राफीची तारीख, मग सीटी स्कॅनसाठी दुसरं शहर. मी ज्यांना पाहतो त्यांच्यातले बरेच जण सहा आठवडे केव्हाच ओलांडून आलेले असतात.

म्हणून पहिलं काम निचऱ्याचं. पाठीच्या बाजूने, सोनोग्राफीत बघत, तेवढीच जागा बधिर करून किडनीत सुई घालायची आणि तिच्या वाटेने बारीक नळी ठेवायची. लघवी बाहेरच्या पिशवीत येते, दाब उतरतो. विलार्ड गुडविन या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तुंबलेल्या किडनीसाठी ही पद्धत मांडली. सत्तर वर्षांपूर्वीची, फार महाग नसलेली, शिकता येण्याजोगी गोष्ट आहे. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले आणि ताप आला तर हेच काम काही तासांत व्हावं लागतं, नाहीतर किडनीबरोबर माणूसही जाऊ शकतो. ज्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र आहे, रेडिओलॉजिस्ट किंवा सर्जन आहे, तिथे हे रात्रीदेखील व्हायला हवं. 'युरोसर्जन नाही, पुढे न्या' असं लिहून देणं हे उत्तर नाही. निचरा करून पुढे पाठवलेला रुग्ण आणि तुंबलेला पाठवलेला रुग्ण यांच्यात एका अवयवाचा फरक असतो.

इथून पुढे घाई संपते. माझा निम्मा आग्रह याच वाक्यासाठी आहे. निचरा चालू असेल तर किडनी सुरक्षित असते. तिला काही आठवडे द्यायचे आणि मग न्यूक्लिअर स्कॅन करून, म्हणजे शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन, त्या बाजूचं खरं काम मोजायचं. तुंबलेल्या अवस्थेत केलेला स्कॅन किडनीला कमी लेखतो. तो आकडा बघून 'ही बाजू गेली' असा निकाल दिलेले कागद माझ्याकडे येतात, आणि निचऱ्यानंतर पुन्हा मोजलं की कधी कधी निराळंच दिसतं.

पण पाठीला पिशवी लावून जगणं सोपं नाही, हेही मला ठाऊक आहे. वाकून मोळी बांधता येत नाही. कुशीवर झोपता येत नाही. नळी सरकते, तुंबते, दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. नात्यातले लोक विचारतात, अजून किती दिवस? शेवटी बाई स्वतःच म्हणते, डॉक्टर, एकदाची काढून टाका ती किडनी, मला कामावर जायचंय. समोर बसलेल्या सर्जनलाही किडनी काढणं माहितीचं असतं. एका शस्त्रक्रियेत विषय संपतो. दोघांनाही दोष देता येत नाही. मात्र त्या क्षणी मधला एक मार्ग आहे हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, आणि तो जवळपास कुठे मिळतही नाही.

तो मार्ग नीट सांगतो, कारण तो समजल्याशिवाय मी काय मागतो आहे हे कळणार नाही.

रुग्णाला भूल देऊन टेबलावर असं ठेवतात की पाठीकडची वाट आणि मूत्रमार्ग, दोन्हींकडे एकाच वेळी काम करता येईल. पाठीच्या नळीतून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून वरचं टोक पाहायचं, खालून मूत्राशयाच्या वाटेने औषध सोडून खालचं टोक. दोन्हींच्या मध्ये जे रिकामं दिसतं ती बंद जागा. पुष्कळदा 'पूर्ण बंद' म्हणून आलेल्या नळीत केसाएवढी फट सापडते आणि ओली झाल्यावर निसटती होणारी गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार, हळुवारपणे तिच्यातून पार जाते. ती गेली की अर्धी लढाई जिंकली. मग फुग्याने जागा रुंद करायची किंवा लेझरने व्रण कापायचा, आणि आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत शरीराच्या आतच राहणारी बारीक नळी, ठेवायचा.

वायर जात नसेल तर दोन दुर्बिणी लागतात. एक वरून, पाठीच्या वाटेने, बहुतेक वेळा वळणारी. दुसरी खालून. दोन शल्यविशारद, दोन पडदे, मध्ये एक्स-रेचं सी-आर्म यंत्र. दोन्ही टोकं एका रेषेत आहेत हे सी-आर्म फिरवून वेगवेगळ्या कोनांतून पाहायचं, कारण एकाच कोनातून समोरासमोर दिसणारी टोकं प्रत्यक्षात एकमेकांच्या मागेपुढे असू शकतात. मग खालच्या दुर्बिणीचा दिवा मालवायचा. दोन टोकांमधला बंद भाग पातळ असेल तर वरच्या दुर्बिणीचा उजेड त्यातून झिरपताना दिसतो. त्या उजेडाच्या दिशेने, थोडं थोडं करत, होल्मियम लेझरने वाट करायची. उजेड दिसत नसेल तर थांबायचं. आंधळेपणाने पुढे गेलं तर ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथेच शेजारी असतात.

वाट झाली की वायर आरपार न्यायची. तिचं एक टोक पाठीतून बाहेर, दुसरं मूत्रमार्गातून बाहेर. आता काहीही झालं तरी रस्ता हरवत नाही. त्यानंतर रुंदीकरण, आणि इथेही कुठल्या बाजूला कापायचं याचं शास्त्र आहे. नळीच्या वरच्या भागाला रक्त आतल्या, म्हणजे कण्याकडच्या बाजूने येतं, म्हणून तिथे छेद बाहेरच्या बाजूला द्यायचा. ओटीपोटात रक्त बाहेरून येतं, म्हणून तिथे छेद आतल्या बाजूला. हे ज्याच्या बोटांत मुरलेलं नाही त्याच्या हातात लेझर देऊ नये.

शेवटी स्टेंट, साधारण सहा आठवडे. हा काळ अंदाजाने ठरलेला नाही. डेव्हिड डेव्हिस यांनी १९४३ साली दाखवलं की नळीला उभा छेद देऊन आत आधाराची नळी ठेवली तर तिच्याभोवती मूत्रवाहिनीची भिंत पुन्हा भरून येते, आणि त्याला सहा आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. आज आपण लेझरने जे करतो त्याच्या मुळाशी शरीराची हीच क्षमता आहे. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

आता मर्यादा. त्या स्पष्ट सांगितल्या नाहीत तर उद्या फलक लागतील: 'चिरा नाही, टाका नाही, बंद नळी उघडा.' ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. बंद भाग दोन सेंटिमीटरपेक्षा लांब असेल, रेडिएशनमुळे किंवा रक्तपुरवठा गेल्यामुळे नळी मेली असेल, किंवा त्या बाजूच्या किडनीचं काम २०-२५ टक्क्यांच्या खाली असेल, तर यश कमी मिळतं. नळी अरुंद झालेली असताना जे यश मिळतं तेवढं ती पूर्ण बंद असताना मिळत नाही. उघडलेली नळी पुन्हा आक्रसू शकते, आणि ते बहुतेक पहिल्या वर्षात कळतं. तेव्हा मग चिरा देऊन किंवा लॅप्रोस्कोपीने नळी मूत्राशयाला नव्याने जोडणं, मूत्राशयाची भिंत वर ओढून किंवा तिची पट्टी वळवून नळी बनवणं, गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावणं, आतड्याची नळी करणं, असे पर्याय आहेत, आणि ते चांगले आहेत. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाजवळ बांधली गेलेली नळी तर पुष्कळदा पुन्हा जोडणंच उत्तम. तेव्हा दुर्बिणीचा आग्रह नाही. आग्रह आहे तो पर्याय तपासण्याचा. मात्र ज्या रुग्णाचा बंद भाग छोटा आहे, जी दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला तयार नाही किंवा जिचं पोट आधीच्या ऑपरेशनांनी चिकटलेलं आहे, तिला दुर्बिणीने उघडलेली नळी थोड्याच दिवसांत पिशवीतून मोकळं करते. आणि प्रयत्न फसला तरी, पाठीची नळी जागेवर असल्याने, किडनीचं सहसा नुकसान होत नाही.

क्षयरोगाचे रुग्णही याच रांगेत असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. किडनीच्या क्षयात औषधं लागू पडतात, जंतू मरतात, पण भरून येताना नळीवर व्रण पडतो आणि ती बंद होते. रुग्ण औषधाचा कोर्स पूर्ण करतो, 'बरा झाला' अशी नोंद होते, आणि एक किडनी गेलेली असते. मूत्रमार्गाचा क्षय असलेल्या प्रत्येक रुग्णाची औषधं चालू असतानाच ठरावीक अंतराने सोनोग्राफी व्हावी आणि नळी आक्रसताना दिसताच स्टेंट टाकला जावा, एवढी एक सूचना राज्याच्या क्षयरोग यंत्रणेमार्फत द्या. औषधं मोफत देणाऱ्या सरकारला ही सोनोग्राफी जड नाही.

सोयींविषयी. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे इथे आणि नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात युरोलॉजीचे विभाग आहेत. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला आणि यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयांसाठी सुपर स्पेशालिटीच्या इमारती मंजूर झाल्या. बीडच्या बाईला लातूर आणि संभाजीनगर जवळ आहे, परळ नाही. तेव्हा माझं म्हणणं असं की या चारही ठिकाणी दोन्ही टोकांनी काम करू शकणारं एक पूर्ण पथक उभं करा. लेझर, सी-आर्म, वळणारी दुर्बीण, फुगे आणि वायर या गोष्टी एकदा घेऊन कपाटात ठेवायच्या नसतात. वायर आणि फुगे संपतात, दुर्बीण नाजूक असते, दुरुस्तीचा करार लागतो. यंत्र आलं, उद्घाटन झालं आणि वायरअभावी रुग्ण परत गेला, हे मी पाहिलेलं आहे. खरेदीच्या फाइलमध्ये दरवर्षीच्या साहित्याची तरतूद यंत्राइतकीच ठळक लिहा. आणि माणसं टिकतील अशा नेमणुका करा. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी आलेला युरोसर्जन सहा आठवड्यांनी स्टेंट काढायला, वर्षाने नळी तपासायला तिथे असेलच असं नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने मोठं काम केलं आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या या योजनेमुळे कितीतरी लोक कर्ज न काढता ऑपरेशन करून घरी गेले, त्यांच्यात माझेही रुग्ण आहेत. पण बंद मूत्रवाहिनीचा उपचार हा एका दिवसाचा नसतो. निचरा, स्कॅन, दोन्ही टोकांची शस्त्रक्रिया, स्टेंट काढणं, पुढच्या वर्षभरातल्या तपासण्या, आणि गरज पडली तर पुन्हा जोडणी. हे सगळं मिळून एकच उपचार आहे. ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने तो एका साखळीत मंजूर करावा. प्रत्येक कडीसाठी नव्याने मंजुरी मागावी लागली की रुग्ण मधल्याच कडीवर सुटतो. आणि किडनी काढण्याची मंजुरी मागणाऱ्या रुग्णालयाकडून दोन कागद सक्तीने मागवा: निचऱ्यानंतरचा स्कॅन, आणि नळीची वरची व खालची टोकं दाखवणारे एक्स-रे. जंतुसंसर्ग पसरून जिवावर बेतलं असेल, कर्करोग असेल, तर अर्थातच अपवाद.

स्टेंटविषयी एक गोष्ट घाईने का होईना सांगायलाच हवी. डीजे स्टेंट आत विसरला की त्यावर खडे जमतात, तो तुटतो, आणि वाचवलेली किडनी त्याच्याच पायी जाते. रुग्णाला बहुतेकदा 'आत नळी आहे' हे कोणी समजेल असं सांगितलेलंच नसतं. योजनेतून टाकलेल्या प्रत्येक स्टेंटची नोंद तुमच्या संगणकात आपोआप होते. त्याच नोंदीवरून तारीख जवळ आली की रुग्णाला आणि गावातल्या आशाताईंना मराठीत फोन जावा. याला नवा खर्च जवळपास नाही.

आणि सुरुवातीच्याच टोकाला, जिथून हे दुखणं निघतं तिथे: गर्भपिशवी काढलेल्या प्रत्येक बाईला डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या की कमरेच्या एका बाजूला दुखलं, थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा अंगावरून पाण्यासारखं जाऊ लागलं तर त्याच दिवशी किडनीची सोनोग्राफी करून घ्या. टाके काढायला ती येईल तेव्हा दोन्ही किडन्यांवर प्रोब एकदा फिरवून पाहिला तर उत्तमच. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना हे लागू करा. स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांना माझी विनंती आहे की शंका आली तर लगेच आम्हाला बोलवा, टेबलावरच बोलवा. तेव्हाच लक्षात आलेली इजा त्याच भुलीत दुरुस्त होते आणि पुढचं यातलं काहीच घडत नाही.

या सूचनांतली परिपत्रकं एकेका पानात मावतील. त्यांचा मसुदा करायला, जिल्हा रुग्णालयांतल्या सर्जन आणि रेडिओलॉजिस्टना पाठीतून निचऱ्याची नळी टाकायला शिकवायला, आणि नव्या पथकांबरोबर पहिल्या काही शस्त्रक्रियांना उभं राहायला मी मानधनाशिवाय येईन. माझ्या ओळखीचे आणखी काही सहकारीही येतील. पुढचा गाळप हंगाम सुरू होऊन टोळ्या बाहेर पडण्याआधी निदान जिल्हा रुग्णालयांतला निचरा आणि डिस्चार्जचा तो कागद, एवढ्या दोन गोष्टींचे आदेश काढावेत, ही विनंती.

आपला,
मराठवाड्यातील एक मूत्ररोग शल्यचिकित्सक